फॅमिकॉन, ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि प्रतीक्षेचा बाजार

क्योतो येथे १८८९ साली हानाफुदा, म्हणजे फुलांची चित्रे असलेले पत्ते, बनवण्याच्या व्यवसायातून उभ्या राहिलेल्या निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येन किमतीचा ‘फॅमिकॉन’ जपानच्या बाजारात आणला. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याच्या या यंत्रात, म्हणजेच कन्सोलमध्ये, प्रत्येक खेळ कार्ट्रिज नावाच्या वेगळ्या डबीतील चिपवर साठवलेला असे. त्यामुळे यंत्राची खरेदी एकदाच होत असली, तरी नव्या खेळांची मागणी सतत टिकून राही आणि आगामी खेळाच्या तारखेलाच महत्त्व येई. एनिक्स कंपनीने १९८६ मध्ये याच यंत्रासाठी युजी होरी यांच्या संकल्पनेतून ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा भूमिकाप्रधान, म्हणजे खेळाडूने एखादे पात्र होऊन कथा पुढे नेण्याचा, खेळ काढला. त्याचा तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी, विक्रीस आला, तेव्हा दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या आणि शाळा बुडवून आलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकले. त्यानंतर शाळेच्या दिवशी हे खेळ विकण्यास कायद्याने बंदी झाली, हा रूढ समज निराधार आहे; चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९० रोजी, रविवारी, आला, तो कंपनीच्याच निर्णयाने.