बालेवाडी स्टेडियम बघायला जाताय? मग या मैदानावर काय काय घडलंय ते आधी वाचा

मित्र लंडन-मँचेस्टरला फिरायला गेला की दोन दिवसांत इन्स्टाग्रामवर फोटो येतोच. मागे रिकाम्या खुर्च्या, समोर हिरवंगार मैदान आणि खाली कॅप्शन, स्वप्न पूर्ण झालं. मॅच नसतानाही लोक पैसे मोजून स्टेडियम बघायला जातात.

आपल्याकडे मात्र मुंबई-बंगळुरू हायवेवरून जाताना बालेवाडीचं स्टेडियम दिसतं आणि आपण पुढे निघून जातो. पण फुटबॉलच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट याच मैदानावर घडली आहे. एका देशाने आपलं पहिलंवहिलं वर्ल्ड कपचं तिकीट इथे मिळवलं.

स्टेडियम टूर म्हणजे नेमकं काय असतं?

युरोपातल्या मोठ्या क्लबांनी स्टेडियम दाखवण्याचा रीतसर धंदा उभा केला आहे. बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ १९५७ मध्ये सुरू झालं आणि १९८४ मध्ये तिथे क्लबचं म्युझियम उघडलं. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर १९८६ पासून म्युझियम आहे.

टूरचा साचा सगळीकडे साधारण सारखाच. आधी ट्रॉफ्यांची कपाटं, मग ड्रेसिंग रूम, पत्रकार परिषदेची खोली, खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात तो बोगदा आणि शेवटी राखीव खेळाडूंचा बाक. गवतावर पाय ठेवायची मात्र बहुतेक ठिकाणी बंदी. बाहेर पडायचा रस्ता हमखास क्लबच्या दुकानातून जातो.

पण लोक तिथे खुर्च्या बघायला जात नाहीत, तिथे घडलेली गोष्ट आठवायला जातात. रिओच्या माराकाना स्टेडियमचं नाव घेतलं की आजही १९५० चा वर्ल्ड कप निघतो. घरच्या प्रचंड गर्दीसमोर ब्राझील उरुग्वेकडून २-१ ने हरला होता.

मग बालेवाडीची गोष्ट काय?

हे स्टेडियम नक्की कुठे येतं?

आपण सगळे त्याला बालेवाडी म्हणतो, पण अधिकृत नाव श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, म्हाळुंगे-बालेवाडी. यातलं म्हाळुंगे हे मुळशी तालुक्यातलं गाव. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी २३ गावं घेतली, त्यात म्हाळुंगेही होतं. म्हणजे पत्ता शहराचा झाला, पण गाव मूळचं मुळशीचं.

संकुल उभं राहिलं ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. मुंबईचं वानखेडे स्टेडियम ज्यांच्या नावावर आहे, ते वास्तुविशारद शशी प्रभू यांचंच हेही काम. २००८ मध्ये इथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. पुढे एटीपीची टेनिस स्पर्धाही याच संकुलात भरली.

फुटबॉलचं मैदान कसं आहे?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे निव्वळ फुटबॉलसाठी बांधलेलं स्टेडियम नाही. ते मुळात अ‍ॅथलेटिक्सचं आहे. मधे फुटबॉलचं मैदान आणि भोवती धावण्याचा सिंथेटिक ट्रॅक.

त्यामुळे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात अंतर पडतं. ओल्ड ट्रॅफर्डवर पहिल्या रांगेतल्या माणसाला खेळाडूंचं ओरडणं ऐकू येऊ शकतं. बालेवाडीत ट्रॅक ओलांडून तेवढा आवाज पोहोचणं कठीण. पण सरकारी संकुलात एकाच मैदानावर अनेक खेळ बसवावे लागतात, त्याची ही किंमत आहे.

३० जानेवारी २०२२ ला इथे काय झालं?

त्या वर्षी एएफसी महिला आशिया कप भारतात होता. सामने नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात. कोरोनाचे निर्बंध असल्यामुळे नेहमीसारखी गर्दी नव्हती. आणि हीच स्पर्धा २०२३ च्या महिला वर्ल्ड कपची पात्रता फेरीही होती.

३० जानेवारीला बालेवाडीत उपांत्यपूर्व सामने झाले. एका सामन्यात दक्षिण कोरियाने बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० ने घरी पाठवलं. दुसरा सामना होता फिलिपिन्स विरुद्ध चायनीज तैपेई.

तो सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि पेनल्टीवर गेला. फिलिपिन्सची गोलकीपर ऑलिव्हिया मॅकडॅनियलने पेनल्ट्या अडवल्या आणि स्वतः एक मारलीही. शेवटची निर्णायक पेनल्टी सरीना बोल्डनने जाळ्यात टाकली. ४-३. फिलिपिन्स वर्ल्ड कपला पात्र! त्याआधी त्या देशाचा ना पुरुषांचा संघ वर्ल्ड कपला गेला होता, ना महिलांचा.

पुढच्याच वर्षी वर्ल्ड कपमध्ये याच बोल्डनने वेलिंग्टनला यजमान न्यूझीलंडविरुद्ध गोल केला आणि फिलिपिन्सने १-० असा आपला पहिला विजय मिळवला. त्या प्रवासाची सुरुवात झाली होती म्हाळुंगे-बालेवाडीत.

मग हे स्टेडियम ओस का वाटतं?

कारण स्टेडियम जिवंत राहतं ते क्लबमुळे. आणि इथे क्लब टिकले नाहीत.

पुणे एफसी हा क्लब २००७ मध्ये सुरू झाला, २००९ मध्ये आय-लीगमध्ये आला आणि २०१२-१३ च्या हंगामात थेट दुसऱ्या क्रमांकावर गेला. २०१४-१५ नंतर तो आय-लीगमध्ये दिसला नाही. त्याच हंगामात आलेला भारत एफसी तर एका वर्षातच बंद झाला.

२०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी आला. फ्रान्सकडून १९९८ चा वर्ल्ड कप जिंकलेला डेव्हिड ट्रेझेगे पहिल्याच हंगामात या संघाकडून खेळला. मार्च २०१८ मध्ये क्लब पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचला. बालेवाडीत बंगळुरूला ०-० वर रोखलं, पण परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि पुण्याचा खेळ ३-१ ने संपला.

वर्षभरातच क्लब आर्थिक अडचणीत सापडला. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला गेली.

दहा वर्षांत तीन क्लब. स्टँडमध्ये बसून ओरडायला शिकलेल्या पोरांना दरवेळी नवी जर्सी घ्यावी लागली, आणि शेवटी घ्यायला जर्सीच उरली नाही.

कोल्हापुरात मग वेगळं काय आहे?

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर एकदा जाऊन बघा. तिथे संघ कंपनीचे नाहीत, पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. मालकाला तोटा झाला म्हणून पेठ बंद होत नाही. आजोबा ज्या संघासाठी भांडले, त्याच संघासाठी नातू भांडतो. त्यामुळे तिथे सामन्याला गर्दी जमवावी लागत नाही.

दोन्ही ठिकाणांना जोडणारा एक धागाही आहे. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव मूळचा कोल्हापूरचा, आणि तो घडला पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत.

बघायला जायचं असेल तर?

– युरोपसारखी तिकीट काढून टूर इथे मिळेल असं धरून जाऊ नका. हे राज्य सरकारचं क्रीडासंकुल आहे. रोज खेळाडूंचा सराव असतो, त्यामुळे आधी चौकशी करा आणि मगच निघा.

– सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे एखादी स्पर्धा गाठणं. ती फुटबॉलचीच हवी असं नाही. राज्यस्तरीय अ‍ॅथलेटिक्स असलं तरी स्टँडमध्ये बसून मैदान नीट बघता येतं.

– सराव चालू असताना ट्रॅकवर जाऊन सेल्फी काढू नका. समोरून येणारी मुलगी शंभर मीटर धावत असते, तिला थांबता येत नाही.

– आत गेलात तर दोन्ही गोलपोस्टकडे एकदा नीट बघा. त्यातल्याच एका जाळ्यात बोल्डनची पेनल्टी गेली होती.

मँचेस्टरला गेलेल्या मित्राचा फोटो जरूर लाइक करा. फक्त कमेंटमध्ये त्याला विचारा, बालेवाडी पाहिलंस का?