१९४८ च्या भंगारात चासी शोधताना

निघण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाइल, कार्डं आणि मुख्य म्हणजे नोटा. तुम्ही जाताय तिथे १९४८ चा फेब्रुवारी चालू आहे. निळी पट्टी असलेली शंभराची नोट काढलीत तर भंगारवाला सरळ पोलिसांना बोलावील. पोलादी टेप, ओळंबा, दोरीचं रीळ, खडू आणि तारेचा ब्रश एवढंच सोबत घ्या. आणि जमलं तर एक गोष्ट इथेच ठेवून या. '१९३२ ची फोर्ड म्हणजेच खरा हॉट रॉड' हे जे तुमच्या डोक्यात बसलंय ना, ते.

उतरलात ते लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन फर्नांडो रोडच्या कडेला. कुंपण म्हणजे जुने दरवाजे तारेनं बांधलेले. आत रांगेनं फोर्ड, शेवरोले, डॉज. काहींना चाकं नाहीत, काहींना छप्पर नाही. पलीकडे बरबँक. युद्धात तिथे लॉकहीडच्या कारखान्यानं विमानं बनवली, आणि तिथे वेल्डिंग शिकलेली माणसं आता आपापल्या घराच्या मागच्या शेडमध्ये जुन्या फोर्ड कापताहेत. मडगार्ड काढायचे, फूटबोर्ड काढायचा, चार सिलिंडरचं इंजिन फेकून आठ सिलिंडरचं व्ही-एट बसवायचं आणि सुट्टीला मोहावे वाळवंटातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर नेऊन घड्याळाविरुद्ध पळवायचं. युद्धाआधी हे म्युरॉकच्या तळ्यावर चाले. ते लष्करानं घेतलं. या सगळ्या प्रकाराला 'हॉट रॉड' म्हणायला लागून फार दिवस झालेले नाहीत. याच नावाचं मासिक गेल्या महिन्यात निघालंय, किंमत २५ सेंट.

तुमच्याकडे १९२९ च्या मॉडेल ए रोडस्टरची बॉडी आहे, आणि ठोकलेल्या १९४६ च्या फोर्डमधलं २३९ घनइंची, शंभर अश्वशक्तीचं इंजिनही, असं धरू. नाही ती चासी. आज तेवढ्यासाठीच आलात.

भंगारवाला खुर्चीतून उठत नाही. "फोर्डच्या चासी मागच्या कुंपणाशी. उचलायला माणूस मिळणार नाही," एवढं सांगून तो पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालतो.

मागे एकावर एक रचलेल्या चासी आहेत. सगळ्यात वर मॉडेल टीची. ती उचलून पाहा, एकट्याला उचलते. शंभर इंचांचा व्हीलबेस, दोन सरळ बारीक बार, मध्ये आडवे तुकडे. रेसच्या हलक्या गाडीला ठीक, पण तुमच्या इंजिनाच्या ओढीला ती पिळवटेल. बाजूला ठेवा. तिच्याखाली वीस-बावीस वर्षं जुन्या एसेक्सची चासी आहे. तिच्याकडे तुमच्या काळात कुणी ढुंकून पाहणार नाही, कारण एसेक्स हे नावच विसरलं गेलंय. पण युद्धाआधी तळ्यांवर पळणाऱ्या कित्येक गाड्यांच्या खाली याच चासी होत्या. बार सरळ आणि जाड असत, आणि एसेक्स कुणाला नकोच असल्यामुळे मिळायच्याही स्वस्तात. परंपरा परंपरा म्हणतो, तिचं मूळ बरंचसं असल्या हिशेबात आहे.

मग मॉडेल ए. आणि तिला टेकून उभी केलेली ती, जिच्यासाठी तुमचे डोळे मघापासून भिरभिरताहेत: १९३२ ची.

हात लावण्याआधी सोळा वर्षं मागे एक उडी मारू. मार्च १९३२, डिअरबॉर्न, फोर्डचा रूज कारखाना. मंदीनं कंबर मोडलीय, तरी अडुसष्ट वर्षांचा हेन्री फोर्ड हट्टानं आठ सिलिंडरचा ब्लॉक एकसंध ओततोय आणि ते इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत घालतोय. व्ही-एट रोडस्टरची किंमत ४६० डॉलर. कामगारांच्या खांद्यांवरून चासीकडे बघा. मॉडेल एची चासी फूटबोर्डाच्या वरच्या पत्र्यामागे लपलेली असायची, तिला दिसायचंच नव्हतं. या गाडीत तो पत्राच नाही. बॉडीखाली जे दिसतं तो चासीचाच बार आहे, आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर एक उठाव दाबून काढलाय, जो बॉडीच्या रेषेशी बोलतो. गाडीच्या रूपावर हेन्रीचा मुलगा एड्सेल याची नजर होती. सोळा वर्षांनी पोरांनी मडगार्ड उतरवले तेव्हा बाकीच्या गाड्या उघड्यावाघड्या दिसल्या आणि हीच तेवढी नेटकी दिसली, त्याचं कारण हे. शिवाय ही चासी व्ही-एट धरून आखलेली: १०६ इंचांचा व्हीलबेस, जास्त खोल बार, मध्ये 'के'च्या आकाराचा आडवा सांगाडा.

त्या मधल्या सांगाड्याकडे नीट बघून घ्या. या फोर्डमध्ये मागच्या चाकांचा रेटा स्प्रिंगमधून पुढे जात नाही. ड्राइव्ह शाफ्टभोवती एक बंद नळी आहे. सगळा रेटा तिच्यातून गिअरबॉक्सवर, आणि तिथून चासीच्या मध्यावर. क्लच सोडला की शंभर घोडे नेमके तिथे धडक मारतात. मॉडेल एची चासी चाळीस अश्वशक्तीसाठी बनवलेली आहे. म्हणजे एची चासी घेतलीत तर मधला आडवा सांगाडा बदलावाच लागेल. १९३२ च्या चासीत तो आयता आहे. या चासीच्या बाजूनं खरा मुद्दा हा आहे. रूप नंतर.

चला परत कुंपणाशी.

टेप काढा. दोन्ही चासी जमिनीवर सपाट ठेवायला दोन पोरं मदतीला आलीत. हात काळे, एकाच्या अंगावर नौदलाचा जुना डगला. खालची जमीन सपाट नाही, म्हणून चार कोपऱ्यांखाली विटा आणि लाकडाचे तुकडे सरकवून आधी पातळी साधा. घाई करू नका, इथे चुकलात तर पुढचं प्रत्येक माप खोटं येईल. आता पुढच्या आडव्या बारजवळच्या डाव्या रिव्हेटपासून मागच्या उजव्या रिव्हेटपर्यंत, आणि मग उलट कर्ण. ओळंबा सोडा, खाली खडूनं खूण करा, खुणांमधलं अंतर मोजा. दोन्ही कर्ण सारखे तर चासी गुण्यात.

१९३२ च्या चासीचे कर्ण पाऊण इंचानं वेगळे येतात.

पुन्हा मोजा. पाऊणच. पुढच्या डाव्या टोकाला गंजाखाली एक सुरकुती आहे. केव्हातरी ही गाडी कशावर तरी आदळली आणि कुणीतरी ती हातोड्यानं 'सरळ' केली. ब्रशनं मधल्या सांगाड्याच्या रिव्हेटभोवतीचा मळ काढा. केसाएवढी चीर दिसेल. आणि डाव्या बारच्या वरच्या अंगावर, जिथे फोर्डनं चांदणीच्या दोन खुणांमध्ये '१८' नं सुरू होणारा नंबर ठोकलेला असायला हवा, तिथे ग्राइंडरचे ओरखडे. कॅलिफोर्नियात सध्या जुन्या फोर्डची कागदपत्रं इंजिनच्या नंबरावर चालतात, त्यामुळे पोरं खांदे उडवतात. तुम्ही उडवू नका. नंबर घासणाऱ्याला कारण असतं.

तरी मन तिच्यातच अडकलंय. साहजिक आहे, तुम्ही पुढचं सगळं पाहून आलाय. १९६३ मध्ये बीच बॉइज याच सालच्या गाडीवर गाणं करतील, १९७३ मध्ये 'अमेरिकन ग्राफिटी' चित्रपटात ती पिवळ्या रंगात रात्रभर फिरेल, आणि १९९७ मध्ये पेबल बीचच्या हिरवळीवर, जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत हॉट रॉडचा पहिलावहिला वर्ग भरेल तेव्हा डोअन स्पेन्सरनं बांधलेला १९३२ चा रोडस्टर पहिला येईल. स्पेन्सर आत्ता याच शहराच्या परिसरात आहे आणि ती गाडी रस्त्यावर चालवतोय. पण या कुंपणाशी उभ्या पोरांना यातलं काही माहीत नाही. त्यांना १९३२ ची चासी आवडते कारण तिच्यात व्ही-एट कमी कटकटीत बसतो. ती मिळाली नाही तर ते एची घेतात आणि पुढच्या रविवारी तळ्यावर असतात. माझं म्हणाल तर परंपरेचा नेमका हाच भाग आपण विसरलो. पवित्र चासी नावाची वस्तू नंतर जन्मली.

आणि तुमची बॉडी १९२९ ची आहे हे विसरलात का? १९३२ ची चासी काचेखालच्या भागाशी जास्त रुंद आहे. बॉडी ठेवली तर बार बाहेर डोकावतात. मग बार आत दाबायचे किंवा बॉडी फाडायची. छान दिसतं, कबूल. पण वाकडी चासी आधी सरळ करायची आणि मग मुद्दाम आत वाकवायची, हे काम कुणी करावं?

आता एची चासी मोजा. कर्ण जुळतात. बार सरळ आहेत, दोरी लावून बघा, मध्ये पोट आलेलं नाही. आडवे तुकडे बारला जिथे रिव्हेटनं जोडलेत तिथे थोडा गंज आहे, पण पत्रा फुगलेला नाही. दोन पत्र्यांच्या मधला गंज फुगला असता तर रिव्हेट ताणले गेले असते. टोकं शाबूत. डाव्या बारवर 'ए' आणि पुढचे आकडे स्पष्ट वाचता येतात. व्हीलबेस १०३.५ इंच; बॉडी हिच्यावरच जन्मलेली, बोल्टची भोकंसुद्धा जुळतील.

डगलेवाला पोरगा पायानं बार ठोकतो. "कागदासारखी वळेल ही. व्ही-एट घालणार ना यात?"

बरोबर बोलतोय तो. एची चासी म्हणजे उघड्या बाजूची पन्हळ. अशी पन्हळ वाकायला कठीण पण पिळायला सोपी. आणि तुम्ही तिला जास्तच पिळणार आहात. फोर्डचा पुढचा ॲक्सल एका 'व्ही' आकाराच्या दांड्यानं धरलेला असतो. दांड्याचं टोक गिअरबॉक्सखाली मध्यभागी एका गोळ्यावर फिरतं. एक चाक उचललं की अख्खा ॲक्सल त्या गोळ्याभोवती सहज कलतो. व्ही-एट खाली बसवायला जागा हवी म्हणून पोरं तो दांडा मधून कापतात आणि दोन्ही टोकं दोन बाजूंच्या बारना जोडतात. दिसायला देखणं, पण आता एक चाक खड्ड्यावर चढलं की ॲक्सलला स्वतःला पिळून घ्यावं लागतं, आणि त्याचा जोर दोन्ही बारवर उलटसुलट येतो. म्हणून ओतीव नव्हे तर फोर्डचा मूळचा घडवलेला 'आय' आकाराचा ॲक्सलच ठेवा, तो थोडा पिळला जातो. हवा तर सॅन दिएगोच्या एड स्ट्यूअर्टकडून तापवून खाली वाकवून आणा, गाडीचं नाक उतरेल. आणि चासीची पन्हळ आतून पट्टी मारून बंद करा. बंद पेटी पन्हळीपेक्षा कितीतरी पटीनं पीळ सोसते.

पूर्ण लांबी बंद करायचा मोह टाळा. पुढच्या आडव्या बारपासून गिअरबॉक्सच्या मागे थोडं, तेवढं पुरे. वेल्डिंग सलग ओढू नका, नाहीतर ज्या सरळपणासाठी ही चासी घेतली तोच जाईल: एक इंच इकडे, एक इंच दुसऱ्या बारवर, मग थंड होऊ द्या. आडवे तुकडे जागेवर असतानाच, सपाट पाटावर घट्ट धरून. मधल्या सांगाड्यासाठी रांगेतल्या एखाद्या नंतरच्या फोर्डचा 'एक्स' कापून घ्या आणि गिअरबॉक्स १९३९ चा शोधा, फोर्डवाले त्याच्यावरच जीव टाकतात.

भंगारवाला कुंपणापर्यंत येतो, दोन्ही चासींकडे बघतो आणि दोन्हींचा एकच भाव सांगतो. "बत्तीसची नको? सगळी पोरं तीच मागतात."

"वाकडी आहे."

"माहीतेय. म्हणून तर तीन महिने इथेच पडलीय."

चासी ट्रेलरवर चढवताना डगलेवाला विचारतो, "पण पुढची जाळी कुठली लावणार? एची लावलीस तर आजोबांची गाडी दिसेल." तुम्ही उत्तर द्यायच्या आत दुसरा पोरगा शेवरोलेंच्या रांगेकडे पळतो. तिथे १९३२ ची एक जाळी आहे म्हणे, खालून थोडी चेपलीय, पण रेडिएटरच्या तोटीचं भोक अजून कुणी बुजवलेलं नाही.