पत्र्याच्या नळीतलं सूत

जपानी कापडधंद्याची कहाणी बहुधा १८८३ पासून सांगितली जाते. शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने ओसाकात १०,५०० चात्यांची कताई गिरणी सुरू झाली. यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. मग भांडवल जपानी आणि अक्कल इंग्रजांची, असा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. मला तो घाईचा वाटतो. १८७७ च्या तोक्योतल्या औद्योगिक प्रदर्शनातच गाउन तात्सुची या माजी बौद्ध भिक्षूच्या कताईयंत्राला सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. कापूस ठासलेली पत्र्याची नळी उभी फिरायची आणि वरून सूत ओढलं जायचं. पीळ वाढून सूत ताठ झालं की नळी उचलली जाऊन थांबायची. सूत बारीक होऊन ताण सुटला की खाली बसून पुन्हा फिरू लागायची. तिच्या खडखडाटावरून यंत्राला ‘गाराबो’ नाव पडलं. पेटंटचा कायदा १८८५ चा; तोवर नकला गावोगाव पोचल्या होत्या. शोधकाच्या पदरी मानपत्राखेरीज फारसं काही पडलं नाही.

गाराबोचं सूत जाडंभरडं, ते वाफेच्या गिरणीपुढे हरलं, हे खरंच. पण मिकावा भागात पाणचक्क्यांवर, नदीत नांगरलेल्या होड्यांवरसुद्धा, ते यंत्र टाकाऊ कापसावर चालत राहिलं. हाताशी असलेल्या मालाला यंत्र जुळवून घेण्याची हीच दृष्टी मोठ्या गिरण्यांनीही दाखवली. कसबी कामगार मागणारी ‘म्यूल’ कताईयंत्रं सोडून त्या ‘रिंग’ कताईयंत्रांकडे वळल्या. रिंगवर आखूड धागा तुटतो, म्हणून हिंदी कापसात लांब धाग्याचा अमेरिकी कापूस मिसळू लागल्या. हे सगळं स्वस्तात राबणाऱ्या मुलींच्या जिवावर झालं, असं कुणी म्हणेल. वसतिगृहात कोंडलेल्या, रात्रपाळीत झिजलेल्या त्या मुलींचा हिशेब कुठल्याही कौतुकातून वगळता येणार नाही. मात्र मजुरी मुंबईतही स्वस्तच होती, आणि रिंग तर टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलनेही लवकर आजमावली होती. मुंबईच्या बऱ्याच गिरण्या तरीही म्यूलला धरून राहिल्या. तेव्हा नुसत्या मजुरीने हा फरक उलगडत नाही.

विणकामात तोयोदा साकिची यांनी तीच वाट धरली. त्यांचा पहिला यंत्रमाग लाकूड आणि लोखंड यांचा, छोट्या कारखानदाराला परवडेल असा होता. १९२४ च्या स्वयंचलित मागात मात्र माग न थांबवता धोटा आपोआप बदले, आणि ताण्याचा धागा तुटताच माग आपसूक थांबे. त्यामुळे एकाच बाईला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले. १९२९ मध्ये या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकण्याचा करार झाला. विकत घेणारी कंपनी होती ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स.