डीआरए परीक्षा: वसुली एजंट व्हायचंय? आधी हे वाचा

बँकेचं थकलेलं कर्ज वसूल करणाऱ्याला डीआरए, म्हणजे डेट रिकव्हरी एजंट म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या २००८ च्या सूचनांनुसार या कामासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावं लागतं. परीक्षा मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स घेते.

पात्रता: वय १८ पूर्ण, किमान दहावी पास.

प्रशिक्षण: मान्यताप्राप्त संस्थेत, पदवीधरांना ५० तास, इतरांना १०० तास.

अभ्यास: बँकिंगची माहिती, कर्जाचे प्रकार, वसुलीचे कायदे, ग्राहकाशी बोलायची पद्धत.

काम करताना: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांना त्रास यांना बंदी आहे. भेटीला जाताना ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत जवळ हवी.

कर्जदारांसाठी: दारात एजंट आला, तर आधी हीच कागदपत्रं मागा. त्रास झाला तर बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८. कर्ज फेडावंच लागतं. पण हप्ता थकला म्हणून कुणाची अब्रू काढायचा हक्क एजंटाला मिळत नाही.