नुसते स्टिकर बदललेत! पल्सर, पाडवा आणि नव्या मॉडेलची वाट

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये रेंज नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

एक वाक्य आहे, जे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये, कॉलेजच्या पार्किंगमध्ये, शोरूमच्या बाहेर तुम्हाला वर्षातून एकदा तरी ऐकायला मिळतं. "नवीन मॉडेल आलंय, पण काय घंटा नवीन? नुसते स्टिकर बदललेत." बोलणारा खरंच दुखावलेला असतो. सहा महिने युट्यूबवर अंदाज बघितलेले असतात, घरी बाबांना पटवलेलं असतं, जुनी गाडी विकायला काढलेली असते. आणि मग दसऱ्याच्या आधी पडदा वर जातो आणि दिसतं काय, तर टाकीवर नवी पट्टी, एक नवा रंग आणि किंमत तीन हजारांनी वर.

मला आज विचारायचंय ते हे, की ही अपेक्षा आपल्यात आली कुठून? दरवर्षी गाडी बदलली पाहिजे असं आपल्याला कुणी सांगितलं? कारण आपल्या आजोबांना असं अजिबात वाटत नव्हतं.

जगात या कल्पनेचा जन्म अमेरिकेत झाला, १९२०च्या दशकात. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी जवळपास तीच गाडी म्हणून विकली गेली, आणि मधली बरीच वर्षं तर फक्त काळ्या रंगात. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोननं उलटा डाव टाकला. दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायचं, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी असलेल्याला आपली गाडी जुनी वाटली पाहिजे. इंजिन आणि सांगाडा वर्षानुवर्षं तोच ठेवायचा, वरचा पत्रा बदलायचा. म्हणजे स्टिकर बदलणं ही काही आपल्याकडची चलाखी नाही, शंभर वर्षं जुना धंदा आहे.

पण तो आपल्याकडे फार उशिरा आला. पुण्याचंच उदाहरण घ्या. आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यातून १९७२ पासून चेतक बाहेर पडायला लागली. परवाना राज होतं. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं, आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. चेतकसाठी काही ठिकाणी दहा-दहा वर्षांची वाट होती. मुलीच्या लग्नाच्या हिशेबानं आधीच नंबर लावून ठेवणारे लोक होते. हातात आलेली स्कूटर लगेच विकली तर नव्यापेक्षा जास्त पैसे मिळायचे! आता सांगा, अशा माणसाला "यंदाच्या मॉडेलमध्ये काय नवीन आहे" हा प्रश्न सुचेल का? त्याचा राग गाडी बदलत नाही याचा नव्हता, गाडी मिळत नाही याचा होता.

१९८०च्या दशकात जपानी कंपन्या भागीदारीत आल्या. हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज. लोकांना पहिल्यांदा निवडायला मिळालं. तरी आरएक्स १०० बघा, १९८५ पासून १९९६ पर्यंत जवळपास त्याच रूपात विकली गेली आणि आज लोक तिच्यासाठी लाख-लाख मोजतात. तेव्हा कुणी "अपडेट कुठाय" म्हणून ओरडल्याचं ऐकिवात नाही.

मग आली पल्सर. नोव्हेंबर २००१. १५० आणि १८० सीसी, गोल हेडलाइट, जाडजूड टाकी. त्याआधी १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड आली होती आणि तिनं दाखवून दिलं होतं की मायलेज सोडून दुसऱ्या कशासाठी तरी पैसे मोजणारी पोरं या देशात आहेत. बजाजनं ती पोरं नेमकी हेरली.

आता इथे थांबतो जरा, कारण माझ्या मते आपली सगळी अपेक्षा आणि सगळा अपेक्षाभंग पुढच्या आठ वर्षांत घडला आहे.

२००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय आलं. म्हणजे काय, तर एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एकच प्लग असला की ठिणगी एका बाजूला पडते आणि आग दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. दोन बाजूंनी पेटवलं की मिश्रण लवकर आणि नीट जळतं. गाडी जास्त ओढते आणि पेट्रोलही कमी पिते. चालवताना कळायचं ते, माहितीपत्रक वाचायची गरज नव्हती. पुढे अलॉय चाकं आली, चाकं १८ इंचावरून १७ वर आली, मागे गॅस भरलेले शॉकअप आले. २००६ मध्ये डिजिटल मीटर, एलईडी टेललाइट, वळण झाल्यावर आपोआप बंद होणारे इंडिकेटर. २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय. फ्युएल इंजेक्शन, ऑइल कूलर, मागच्या चाकालासुद्धा डिस्क, एकावर एक बसवलेले प्रोजेक्टर दिवे. दीडशे सीसीवाल्याला तेव्हा ती परग्रहावरची वाटायची.

बघा, सहा वर्षांत गोल दिव्याच्या गाडीपासून इथपर्यंत. आणि प्रत्येक पायरी चालवणाऱ्याच्या हाताला, डोळ्याला, पाठीला जाणवणारी. लोकांनी या पायऱ्यांना नावं दिली, यूजी-टू, यूजी-थ्री, यूजी-फोर. यूजी म्हणजे अपग्रेड. आजही स्पेअरच्या दुकानात "पल्सरचा साइड पॅनल द्या" म्हटलं तर काउंटरवरचा माणूस आधी विचारतो, "कुठली, यूजी-थ्री का फोर?" गाडीचं वय सनावळीनं नाही, अपग्रेडनं मोजणारी एक अख्खी पिढी तयार झाली. माझा मामेभाऊ त्यातलाच. त्याला बायकोचा वाढदिवस विसरायला होतो, पण कुठल्या यूजीत कुठला स्विच बदलला हे झोपेतून उठवून विचारा.

म्हणजे सवय कुणी लावली? कंपनीनंच लावली. चांगलं काम करून लावली, हे पण कबूल करायला हवं.

मग गंमत झाली २००९ मध्ये. २२० ची नवी आवृत्ती आली आणि तिच्यातलं फ्युएल इंजेक्शन काढून परत कार्ब्युरेटर बसवला! कागदावर हे मागे जाणं होतं. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पण ताकद किंचित वाढली होती, किंमत खाली आली होती, आणि गल्लीतल्या मेकॅनिकला कार्ब्युरेटर डोळे मिटून खोलता येत होता. इंजेक्शनची गाडी बिघडली की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वाट धरावी लागायची, आणि ते तालुक्याच्या गावी असेलच असं नाही. हीच 'मागे गेलेली' २२० पुढे लोकांच्या मनात घर करून बसली. अपडेट म्हणजे प्रत्येक वेळी पुढे जाणंच असतं हे डोक्यात ठेवलं तर ही गोष्ट कळणारच नाही.

२०१२ ला २०० एनएस आली, चार व्हॉल्व्ह, तीन स्पार्क प्लग, लिक्विड कूलिंग. मोठी उडी. आणि त्यानंतर लोकांना वाटायला लागलं की पल्सर थांबली. दीडशेवाला तर वाटच बघत बसला. २०१८ च्या अखेरीस पल्सर १५० निऑन आली. काळी गाडी, त्यावर एका भडक रंगाच्या पट्ट्या. सुरुवातीला सांगितलेलं ते वाक्य तेव्हा किती वेळा ऐकलं असेन!

पण त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं ते बघू. १ एप्रिल २०१७ पासून बीएस४. त्याच दिवसापासून हेडलाइट कायम चालू. आठवतंय ना, समोरून येणारा प्रत्येक माणूस हाताची बोटं उघडमीट करून "लाइट चालू आहे" सांगायचा? मग १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक गाडीला एबीएस सक्तीचं. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस६, म्हणजे छोट्या-मोठ्या बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन, सायलेन्सरमध्ये मोठा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जागोजागी सेन्सर. तीन वर्षांत तीन मोठे बदल. इंजिनीअर रात्रंदिवस याच कामावर. खर्चही प्रचंड. आणि चालवणाऱ्याला काय दिसलं? गाडी महागली, जड झाली, आवाज दबला. ताकद तीच किंवा कमी.

यामाहा एफझी घ्या. २००८ मध्ये आली तेव्हा १५३ सीसी आणि १४ पीएस. २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीत १४९ सीसी आणि १३.१ पीएस. बीएस६ मध्ये १२.४. प्रत्येक 'नवी' एफझी आधीच्यापेक्षा कागदावर कमजोर! पण तिच्या मागे सिग्नलला उभं राहणाऱ्याच्या नाकात धूर कमी जात होता. ओल्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं तेव्हा एबीएसमुळे पुढचं चाक लॉक न झाल्यानं जो पडला नाही, त्याला आपण पडलो असतो हे कळतसुद्धा नाही. न झालेल्या अपघाताचा फोटो निघत नाही.

म्हणून मी म्हणतो, त्या काळात गाड्या बदलल्या नाहीत हे खरं नाही. खूप बदलल्या. बदल चालवणाऱ्यासाठी नव्हता, मागच्यासाठी होता, फुटपाथवरच्यासाठी होता. कंपन्यांचा दोष वेगळा आहे. त्यांनी हे सरळ सांगितलं नाही. "यंदा पैसे धूर कमी करण्यात गेले" असं लिहिण्याऐवजी नवे स्टिकर लावून 'ऑल न्यू' छापलं. राग येणारच.

आणि ज्यांचे खरोखर पैसे गेले त्यांचं काय? २०१७ चा गुढीपाडवा २८ मार्चला होता. मुहूर्तावर पूर्ण पैसे भरून, हार घालून, पेढे वाटून लोकांनी गाड्या घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी, २९ मार्चला, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस३ गाडी विकायचीच नाही. देशभरात सुमारे ६ लाख ७० हजार दुचाकी पडून होत्या. मग काय, शोरूमच्या बाहेर रांगा, काही गाड्यांवर २० हजारांच्या आसपास सूट. पाडव्याची गाडी दारात उभी, हार अजून सुकला नाही, आणि शेजारचा तीच गाडी कितीतरी स्वस्तात घेऊन येतोय. वरून याच्या गाडीला दोन दिवसांत 'जुनं मॉडेल' म्हणायला लागले. त्या माणसाला स्लोन बिलोन काही सांगू नका.

तीन वर्षांनी बीएस६ च्या तोंडावर लोक शहाणे झाले होते, सूट कधी मिळते याचा हिशेब करून बसले होते. २०२० चा पाडवा आला २५ मार्चला. आदल्या रात्री लॉकडाउन जाहीर झालं होतं. शोरूमची शटरं खाली.

राहिली गोष्ट २२० ची. ऑक्टोबर २०२१ मध्ये पल्सरला वीस वर्षं होत असताना एफ२५० आणि एन२५० आल्या. नवा सांगाडा, नवं इंजिन, एलईडी प्रोजेक्टर. इतकी वर्षं मागितलेली खरीखुरी नवी पल्सर. लोकांनी काय म्हटलं? लिक्विड कूलिंग नाही, सहावा गिअर नाही, आणि २२० सारखी दिसत नाही. २०२२ मध्ये कंपनीनं २२० बंद केली. मग अशी हळहळ सुरू झाली की घरातलं माणूस गेलंय. २०२३ च्या सुरुवातीला कंपनीनं मुकाट्यानं ती परत आणली. तोच चेहरा, तेच एकावर एक दिवे, २००७ मध्ये होते तसे. लोकांनी आनंदानं घेतली.

२०२४ मध्ये तिला नवं डिजिटल मीटर आणि ब्लूटूथ मिळालं. आणि हो, नवे स्टिकर.

पुढचा भाग आरएक्स १०० वर करतोय. भेटू.