भोगवर्धनचे दाते आणि विहारातील पाहुणाचार

जालना जिल्ह्यात केळणा नदीच्या काठी वसलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. १९७३ मध्ये, हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात असताना, नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे संयुक्त उत्खनन केले, त्यात इटलीतील प्राचीन पाँपेई नगरात सापडलेल्या सुप्रसिद्ध मूर्तीशी साम्य असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आणि या नगराच्या दूरवरच्या संबंधांना पुष्टी मिळाली. त्याहून मोलाचा पुरावा सांचीला आहे, कारण तेथील स्तूपांवरील ब्राह्मी दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. दात्याने आपल्या नावासोबत गावाचेही नाव कोरविण्याची ही प्रथा राजांपुरती नव्हती. सामान्य गृहस्थ, स्त्रिया, भिक्खू आणि भिक्खुणी यांनीही ती पाळली, हे तिचे खरे वैभव.

मराठवाड्याकडून सांचीच्या दिशेने जाणारी वाट साहित्यातही दिसते: सुत्तनिपात या पाली ग्रंथाच्या पारायनवग्गात गोदातीरावरील बावरी ब्राह्मणाचे सोळा शिष्य पैठण, महिष्मती, उज्जयिनी, विदिशा या मार्गाने बुद्धाकडे जातात, आणि सांची विदिशेलगतच आहे. अशा मार्गांवरील विहारांत, म्हणजे भिक्खूंच्या निवासांत, उतरणाऱ्या भिक्खूने कसे वागावे याचे नियम विनयपिटकाच्या, म्हणजे संघाच्या नियमग्रंथाच्या, चुल्लवग्गात बारकाईने दिले आहेत. आगंतुकाने, म्हणजे बाहेरून आलेल्या भिक्खूने, आवारात शिरण्यापूर्वी वहाणा काढून झटकून हाती घ्याव्यात, छत्री मिटावी, डोके उघडे करावे आणि घाई न करता आत जावे. पिण्याचे पाणी कोणते व वापरण्याचे कोणते हे विचारून घ्यावे, आणि पाय धुताना एका हाताने पाणी ओतून दुसऱ्या हाताने पाय चोळावेत. यजमानावरही तेवढीच बंधने होती: वयाने नव्हे तर दीक्षेने ज्येष्ठ असा पाहुणा येताच त्याला आसन द्यावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन त्याचे पात्र व चीवर, म्हणजे अंगावरील वस्त्र, हाती घ्यावे. निघणाऱ्याने लाकडी व मातीची भांडी आवरून, दारे-खिडक्या लावून, कोणाला तरी सांगूनच जावे.

पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहण्याच्या वर्षावासामागे हिरवे गवत व लहान जीव तुडवले जातात ही लोकांची तक्रार होती, असे विनयपिटकातीलच महावग्ग सांगतो. म्हणजे प्रवास कधी थांबवावा हेही येथे शिष्टाचारातच मोडत होते. स्तूपाला उजवा हात देऊन प्रदक्षिणा घालण्याचा रिवाज मात्र गृहस्थांनाही लागू होता आणि आजही श्रीलंकेपासून म्यानमारपर्यंत तो पाळला जातो. मराठवाड्यातून सांचीला जाणाऱ्यांनी तेथील कठड्यांवरच्या दानलेखांत आपल्या भोगवर्धनचे नाव अवश्य शोधावे.