खणाची बाही

वैशाखाच्या लग्नसराईंत उमरग्याच्या बाजारांत क्षणभर उभें राहिलें म्हणजे या भागांतील संसाराचें गणित डोळ्यांपुढें येतें. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचें हें गांव. एका अंगास लातूर, दुसऱ्या अंगास कर्नाटकांतील आळंद व बसवकल्याण. दोन्ही घरचीं माणसें जमून बस्ता बांधावयास बसतात. कोणी येथेंच बांधतात, कोणी सोलापुरास जातात. नवरीचा शालू, मामाची साडी, मानपानाचीं लुगडीं, करवल्यांचे कपडे अशी यादी वाढत जाते. या गर्दींत नवरीच्या आईचें एकच मागणें वारंवार कानीं पडतें : बाही कोपरापर्यंत असावी, अंग झांकलें जावें आणि किंमत आपल्या आवांक्यांत असावी. मागणें साधें आहे. पण तें पुरें होणें दिवसेंदिवस कठीण कां व्हावें, या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें, असें आम्हांस वाटतें.

पूर्वी या प्रश्नाचा निकाल एका खणानें लावून टाकिला होता. खण म्हणजे एका चोळीस पुरेल एवढा कापडाचा तुकडा. मापच वस्त्राचें नांव झालें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. बागलकोट जिल्ह्यांतील गुळेदगुड्डचे खण आणि त्याच जिल्ह्यांतील इलकलचीं लुगडीं, ज्यांस आपल्या बायका 'इरकल' म्हणतात, मराठवाड्याच्या या सीमेवर पिढ्यान् पिढ्या नेसलीं गेलीं. खणाची बारीक नक्षी व दोन्ही बाजूंचे कांठ मागावरच विणले जात. चोळी शिवणारी बाई तोच कांठ बाहीच्या कडेस येईल अशा बेतानें कापड कापी. काखेंतील तिकोनी तुकडाही उरलेल्या कापडांतून काढी आणि पुढें दोन टोंकांची गांठ मारण्याची सोय ठेवी. कापड वायां जात नसे. बाहीची लांबी दर्जीही ठरवीत नसे, नवरीही ठरवीत नसे; ती विणकराच्या मापानें आधींच ठरलेली असे. तोच खण ओटींत नारळ-तांदळांबरोबर पडे. वाड्यांतील सुनेच्या खणांत रेशीम अधिक व कुणब्याच्या सुनेच्या खणांत सूत अधिक एवढाच काय तो भेद. बाही मात्र दोघींची सारखीच.

नवरीच्या इतर वस्त्रांतही हाच विवेक होता. मंगलाष्टकांच्या वेळीं पुष्कळ घरांतून मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसवीत; तिची किंमत तिच्या पिवळेपणांत होती, जरींत नव्हती. शालू व पैठणी हीं श्रीमंतांचीं वस्त्रें. पैठणीस रेशीम, जर आणि कारागिराचे कित्येक आठवडे लागतात. ती महाग असावयाचीच. पाठीशीं करा घेऊन उभी राहणारी करवली परकर-पोलक्यांत असे आणि तें पोलकें पुढें वर्षभर सणावारास उपयोगीं पडे. एका दिवसापुरतें वस्त्र ही कल्पनाच त्या संसारास परकी होती.

तथापि जुन्या काळाचे गोडवे गातांना आम्ही एक गोष्ट विसरूं इच्छीत नाहीं. बाही ही केवळ शालीनतेसाठीं होती असें म्हणावें, तर केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेच्या अंगावरून चोळी कां काढून घेतली गेली ? तिला आलवणाचा पदर तेवढा उरे. म्हणजे खण हा सौभाग्याचा मान होता; लज्जारक्षणाचा हक्क नव्हता. त्रावणकोरांत तर नाडार स्त्रियांस ऊर झांकण्याच्या परवानगीसाठीं अनेक वर्षें झगडावें लागलें. तेथील राजाज्ञा १८५९ सालीं निघाली. आणि महाड येथें डिसेंबर १९२७ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्य स्त्रियांस उपदेश केला, तो इतर स्त्रियांसारखें अंगभर व स्वच्छ लुगडें नेसण्याचाच होता. तेथें जमलेल्या स्त्रियांनीं तो तात्काळ अंमलांत आणिला. उलट उमरग्याच्या आसपासच्या तांड्यांवरील बंजारा स्त्रीची जुनी कांचळी पाठीकडे उघडी असे. तिची मर्यादा ओढणी राखी. तेव्हां शालीनतेचें एकच माप नाहीं. पण आपलें अंग किती झांकावें हें जिचें तिला ठरवितां यावें आणि त्यासाठीं कर्ज काढावें लागूं नये, एवढें तरी कोणत्याही समाजानें मान्य करावें.

मापाचा ताबा विणकराकडून सुटला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. सत्येंद्रनाथ टागोर सनदी नोकरींत मुंबई इलाख्यांत आले, तेव्हां त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनीं पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची तऱ्हा उचलली, तींत आपल्या सोयीचे फेरफार केले आणि जाकीट व आंतील परकर यांसह ती बंगाल्यांत नेली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस सुरू झाला आणि त्याच्या चित्रांतील लक्ष्मी-सरस्वती घराघरांत भिंतीवर चढल्या. पुढें शिवणयंत्र गांवोगांव आलें. गांठीच्या चोळीची जागा गुंड्यांच्या पोलक्यानें घेतली, बाहीस झालर आली, फुगे आले. या बदलांत सोय होती, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्याबरोबर कापडाच्या किंमतींत शिलाईची किंमत मिळाली आणि बाही ही फॅशनची मालमत्ता झाली.

लग्नाच्या खर्चाचा आणि कर्जाचा संबंध आपल्याकडे जुनाच चर्चिला गेला आहे. दक्षिणेंतील १८७५ च्या दंग्यांनंतर नेमलेल्या कमिशनानें मार्मिक निष्कर्ष काढिला कीं, रयतेच्या कर्जाचें कारण म्हणून लग्नखर्चास वाजवीहून अधिक महत्त्व दिलें जातें. तो खर्च जड असतो हें खरें, पण कर्जाचा उगम क्वचितच तेथें असतो. त्यानंतर झालेला १८७९ चा कायदा पुणें, नगर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांपुरता होता. शेजारचें उमरगें निजामाच्या राज्यांत असल्यानें त्या छायेबाहेर राहिलें आणि तें राज्य सप्टेंबर १९४८ मध्यें संपलें. कमिशनाचा निष्कर्ष आम्हांस मान्य आहे. शेतकरी शालूमुळें बुडत नाहीं. पण अवर्षणानें आधींच वांकलेल्या पाठीवर शेवटचें ओझें शालूचें पडतें.

म्हणूनच ज्यांनीं हें ओझें हलकें केलें त्यांचें स्मरण ठेवावें. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजानें पहिलें लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजीं लाविलें, तें अगदीं थोडक्या खर्चांत. गाडगे महाराज कीर्तनांतून कर्ज काढून लग्न करूं नका असें बजावीत फिरले. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध विवाहांत साध्या पांढऱ्या साडीची चाल पडली. इंग्लंडांतही १९४१ पासून कापडाचें रेशनिंग असतां पुष्कळ वधू मागून आणलेल्या झग्यांत चर्चमध्यें गेल्या, आणि त्यांच्या विवाहास कमीपणा आला असें कोणी म्हटलें नाहीं.

आतां पुन्हां उमरग्याच्या दुकानाकडे वळूं. साडीच्या टोंकास जोडून येणारें पोलक्याचें कापड मीटरभरही नसतें. लांब बाही हवी असेल तर निराळें कापड घ्यावें लागतें. करवलीसाठीं तयार झगा घ्यावा तर पुष्कळदां तो बिनबाह्यांचा असतो. बाह्यांचे दोन तुकडे आंतल्या बाजूस टांचून दिलेले असतात आणि ते बसविण्याची मजुरी वेगळी. लांब बाही हवीच म्हटलें, तर तिच्यावर आरीकाम हवें असा आग्रह होतो, आणि पोलक्याची शिलाई साडीच्या किंमतीवर चढते. म्हणजे जी बाही एके काळीं गरिबाच्या खणांत फुकट येत होती, ती आज श्रीमंतीचें चिन्ह होऊं पाहत आहे.

खणाच्या चोळीकडे सर्वांनीं परत जावें असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. काळ उलटा फिरत नाहीं. परंतु तो खण आजही मिळतो, त्याचीं पोलकीं व परकर शिवले जातात, आणि करवलीस ते शोभतात. त्यापेक्षां महत्त्वाची आहे ती त्या खणामागची व्यवहारबुद्धि. वस्त्र अंगभर असावें, लग्नानंतरही नेसतां यावें, आणि त्याचें माप सावकाराच्या वहींत लिहिलें जाऊं नये, एवढा नियम बस्ता बांधतांना दोन्ही घरांनीं पाळिला, तर नवरीच्या आईस दुकानदारापुढें बाहीसाठीं आर्जव करावें लागणार नाहीं. ओटींत खण घालतांना आपण जें सौभाग्य चिंतितों, त्यांत मुलीच्या बापानें निर्धास्त झोंपावें हेंही आलेंच.